बाबांच्या टाकीचा उजेड

९ मार्च

आला एकदाचा तो दिवा! नवऱ्याने — विवेकने — ऑनलाइन मागवला होता. स्टूलवर चढून माशांच्या टाकीवर बसवला, बटण फिरवलं आणि आम्ही सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. हॉल आहे का क्रिकेटचं ग्राउंड! लेक तन्वी तर गॉगल घालून आली. कार्टी!

बाबांनी मात्र खुर्ची पुढे ओढली, नाक काचेला टेकवलं. बराच वेळ तसेच. मग म्हणाले, "दिसायलंय की गं, रेणू! पट्टीचं एकेक पान दिसायलंय. पिवळी दिसायलीय!" पट्टी म्हणजे ती लांब फितीसारखी पानं. पिवळी म्हणजे त्यांची म्हातारी मासोळी.

मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला. रडायची सोय झाली.

डॉक्टर स्पष्टच बोलले होते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उरलीय ती थेंबांवर टिकवायची, किती टिकेल सांगता येत नाही. सध्या बाबांना नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही भक्क उजेड असेल तर. त्यांनी त्रागा केला नाही. एकच म्हणाले — "पेपर नाही दिसला तर चालतंय. टाकी दिसली पाहिजे."

आबिड्सच्या पोस्टात नोकरी होती तेव्हापासूनची ही टाकी. घरी आले की आधी टाकीसमोर उभे राहायचे, मग चहा. आई म्हणायची, "माझी सवत काचेची आहे."

म्हणून मी ठरवलंय. जोवर त्यांची नजर आहे तोवर त्यांना टाकी दिसली पाहिजे, आणि हिरवीगार दिसली पाहिजे. मला दुसरं काही नको.

१० मार्च

पानांवर बुडबुडे! ओळीने, मोत्यांसारखे. सुटून सरसर वर जातात. बाबांना त्यांची चकाकी दिसते. "खूश झाल्यात," म्हणाले. झाडं म्हणायची होती त्यांना. पण मी बाबांकडेच बघत होते.

१४ मार्च

आज होळीचा रंग. तन्वी हिरवी-जांभळी होऊन आली आणि तशीच टाकीसमोर उभी राहिली. बाबा म्हणाले, "ही कुठली नवी मासोळी?" हसून हसून पुरेवाट!

नवा रिवाज पडलाय. सकाळी बाबा चाचपत बटण शोधतात आणि शेवटचा खटका लागेपर्यंत फिरवतात. मी चहाचे दोन कप घेऊन शेजारी बसते. "दिसतंय का बाबा?" "दिसायलंय की!" मग काय काय दिसतंय ते सांगतात. पूर्वी मी चपला घालता घालता त्यांच्याशी बोलायची, एक डोळा घड्याळावर. कॉलेजच्या ऑफिसात दहा मिनिटं उशिरा पोचलं तर आभाळ कोसळत नाही, हे मला पन्नाशीला कळलं!

दुपारी सुट्टी होती म्हणून एक गंमत बघायला मिळाली. हायड्रिला — ती कांडी-कांडीने वाढणारी, पेरापेराला पानांचं कडं असलेली — भर उजेडात फिकट पडली होती. संध्याकाळी दिवा तासभर बंद केला तर परत हिरवी. मला वाटलं आता माझेही डोळे दाखवायला हवेत.

२२ मार्च

काहीतरी बिनसलंय. काबोंबा या पिसासारख्या झाडाची पानं गळायला लागलीत, तळाशी चुरा साचलाय. पट्टीची पानं पिवळट. हायड्रिलाची नवी पानं इवलीशी, एकाला एक खेटून, शेंडे तांबूस. आणि सगळ्यावर हिरवे चिकट तंतू — म्हातारीचे केस! काढले तरी दोन दिवसांत परत.

बाबांना म्हटलं, "उजेड जरा कमी करू या का?"

"मला दिसायलंय तोवर बघू दे, बाई."

मी डबा भरला आणि निघाले. ऑटोत बसल्यावर आठवलं, स्वतःचा डबा ओट्यावरच राहिला.

३० मार्च

पाडवा. शेजारच्यांकडून उगादी पच्चडी आली, आमच्याकडून श्रीखंड गेलं. बाबांनी पच्चडी वाटीभर खाल्ली. "कडूनिंब कमी पडला," म्हणाले. हे उदगीरकडचं तोंड, याला सगळंच कमी तिखट आणि कमी कडू.

गुढी बघायला बाल्कनीत या म्हटलं तर आले नाहीत. "ऊन लागतंय." पेपर पण हल्ली मलाच वाचून दाखवावा लागतो. म्हणे छपाई बिघडलीय. आणि डॉक्टरांकडे जायचं म्हटलं की — "ऊन उतरू दे, मग जाऊ." मार्च आहे अजून! ऊन उतरायला जून उजाडेल. मी चिडले. सणाच्या दिवशी बापावर ओरडले. मग त्यांनी श्रीखंडाची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि भांडण संपलं.

३१ मार्च

ईद. गौसभाई शीर खुर्मा घेऊन आले. नामपल्लीच्या गल्लीत त्यांचं माशांचं दुकान आहे. बाबांची दोस्ती त्यांच्या वडिलांपासूनची. टाकी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"रेणूआपा, ये टंकी है, शादीखाना नईं! इत्ती लाइट कायकू?"

बाबा म्हणाले, "मेरे कू दिखना नईं क्या, मियाँ?"

गौसभाईंनी मग सोबत आणलेल्या हायड्रिलाच्या ताज्या कांड्या स्वतःच बाह्या सरसावून उजव्या कोपऱ्यात लावल्या. बाबांनी लावू दिल्या! एरवी त्यांच्या टाकीत दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. जाताना एक औषधाची बाटली दिली. "दो ढक्कन डालो, सब साफ." बघू.

५ एप्रिल

औषधाने केस गेले नाहीत. पाणी तेवढं निळं झालं. बाबांना सांगितलं नाही.

६ एप्रिल

तन्वीने कमाल केली! परवा टाकीतलं हायड्रिलाचं एक पान चोरून कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फोनवर व्हिडिओ काढलाय. आज आजोबांना दाखवायला बसली. बाबांनी फोन हातात घेतला, परत दिला. "तूच सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मग तिने सांगितलं, तिच्या त्या खिचडी भाषेत. "आजोबा, लीफमध्ये ना छोटे छोटे रूम्स असतात. त्यात ग्रीन दाणे. नॉर्मल लाइट असला की सगळे मध्ये पसरून बसतात, आराम से. पण लाइट तेज केली ना, तर हळूहळू सगळे सरकून भिंतीला चिकटून उभे! मधे एकदम खाली जागा. म्हणून पान फिकट दिसतं."

दाण्यांना हरितलवक म्हणतात, हे मी तिला सांगितलं. माझी जामबागची मराठी शाळा अशी अधूनमधून उपयोगी पडते. तिने तो शब्द तीनदा चुकीचा म्हणून दाखवला.

बाबा म्हणाले, "म्हणजे मे महिन्यात बस स्टॉपवर माणसं त्या खांबाच्या सावलीत एकामागं एक उभी राहतात, तसं."

"एक्झॅक्टली, आजोबा!"

"पान मेलं नाही म्हणायचं. अंग चोरलंय."

"हो, पण रोज रोज एवढा लाइट मिळाला तर मग खरंच डॅमेज होतं. मॅम म्हणाल्या. या झाडांना पाण्याखालच्या कमी उजेडाची सवय असते."

बाबा थोड्या वेळाने उठून आत गेले. बटण मात्र होतं तसंच — पूर्ण.

मला झोपेपर्यंत ते दाणे आठवत राहिले. भिंतीला पाठ लावून उभे. बिचारे.

७ एप्रिल

केलं!

बाबा आंघोळीला गेले तेव्हा दिवा उचलला, टाकीच्या काचेच्या झाकणावर बटर पेपर पसरला, वर दिवा ठेवून दिला. तन्वीच्या केकसाठी आणलेला रोल. बटणाला हात लावला नाही — ते बाबांच्या बोटांना कळलं असतं. बटण पूर्ण, खटका पूर्ण, उजेड मात्र गाळून.

आल्या आल्या विचारलं, "दिसतंय का बाबा?"

"दिसायलंय की."

देवा! सुटले. पण दिवसभर ऑफिसात चुकाच चुका. बापाला फसवतेय मी. त्यांना दिसावं म्हणून आणलेला दिवा, आणि मीच झाकतेय. पण झाडं गेली तर बघणार काय — पांढरी वाळू?

१३ एप्रिल

दुसरा थर टाकला. विवेकला आज कळलं. "तू सरकारी बाई आहेस," म्हणाला, "वर योजना शंभर टक्के, खाली पोचते तीस." हसले. मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले पण. त्याने काही विचारलं नाही. पुणेकराला गप्प बसता येतं, हे वीस वर्षांत दुसऱ्यांदा पाहिलं.

१९ एप्रिल

केस कमी झालेत! पट्टीला मधून नवं पान फुटलंय, पोपटी.

"पिवळी कुठाय बाबा?"

"त्या दगडाआड बसलीय. लाजायलीय."

होती समोरच, काचेला तोंड लावून. मासोळीच ती, हललीच असेल तेवढ्यात.

२ मे

उकाडा! कूलर नुसता घरघरतो. टाकीतच काय ती थंडाई. हायड्रिला सरळ वर आली, आता पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पसरायला लागलीय. बाबा दर वेळी अशी वाढली की स्वतः छाटतात, शेंडे परत लावतात. या वेळी विषयच काढत नाहीत. "राहू दे. वाढू दे." आळसावलेत म्हातारे.

तिसरा थर.

१८ मे

रविवार. सकाळी चहा घेऊन बसलो ते तासभर बसलो. बाबा त्यांच्या गावाकडच्या विहिरीबद्दल बोलत होते. पोहायला शिकवायला चुलत्याने ढकलून दिलं होतं. पाण्याखाली डोळे उघडले तर सगळं हिरवं, आणि वर लांब एक उजेडाचं ताट. "भीती नाही वाटली," म्हणाले. "एवढं शांत कुठंच नसतं." हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून!

त्यांचा हात हातात घेतला. सुरकुतलेला, गार. पोस्टात शिक्के मारून मारून उजवा अंगठा जाडसर झालेला. लहानपणी हाच अंगठा धरून मी आबिड्सला जायची. आज धरून बसले, लाज नाही वाटली.

"दिसतंय का बाबा?"

"झकास दिसायलंय."

खोटं लिहीत नाही — या घरात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. आणि वर तीन थर बटर पेपर! सुखाला पण टोचणी लागतेच.

८ जून

मृग लागला. नामपल्लीच्या मैदानावर दम्यावरच्या माशाच्या औषधाला — जिवंत मासोळी गिळायची — ही गर्दी! बस वळवल्यात, मला कोठीपासून चालत यावं लागलं. विवेक म्हणतो, "पिवळीला आत लपवा, कोणीतरी गिळून टाकेल." बाबा एवढे हसले की ठसका लागला. पिवळी जगलीय, झाडं जगलीत. सगळं हिरवंगार आहे.

आता पुढच्या आठवड्यात डॉक्टर. मी अपॉइंटमेंट घेऊन टाकलीय. ऊन उतरलंय, आता कारण नाही.

१० जून

पकडली गेले.

ऑफिसातून आले तर बाबा म्हणाले, "आज टाकी छाटू. बाही सरसाव माझी." किती दिवसांनी! मी आनंदाने दिवा बाजूला केला, पेपर घडी करून पटकन पंजाबी ड्रेसच्या ओढणीखाली घेतला, झाकण काढलं. बाबांनी हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. डोळे मिटलेले. एक कांडी मुळाशी धरली आणि दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू वर सरकवत आणली. पेर, पान, पेर, पान. ऊस तपासतात तसं.

"हं," म्हणाले. मग उजव्या कोपऱ्यातली, गौसभाईंनी ईदला लावलेली कांडी धरली. तशीच खालून वर.

"रेणू, बैस."

बसले.

"उजेड तेज असला की हिची पेरं आखूड होतात. पानाला पान खेटतं. उजेड कमी झाला की ही उजेड शोधत ताणून वर जाते, पेरं लांब होतात. बरोबर?"

"हो बाबा."

"ही गौसची कांडी. तळाची पेरं लांब — त्याच्या दुकानातल्या अंधारातली. मग ही चार आखूड — आपल्याकडची, तुझ्या त्या शादीखान्यातली. आणि मग वरपर्यंत परत लांबच लांब." बोट तिथेच थांबलं होतं. "म्हणजे ईद झाल्यावर आठवड्याभरात कुणीतरी उजेड कमी केला. बटण तर मी रोज पूर्ण फिरवायलोय. काय टाकलंस वर?"

"बटर पेपर," म्हटलं. पाचवीतल्या पोरीसारखं तोंड झालं माझं. ओढणीखालून काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी बोटांनी थर मोजले. "तीन!" आणि हसायला लागले. पाण्याचा हात तसाच, सगळी फरशी ओली. "बापाला फसवायचं तर झाडाला आधी पढवून ठेवायचं, बाई!"

मला मात्र रडू फुटलं. सगळं बोलून टाकलं. झाडं जात होती, तुम्हाला हिरवं दिसावं असं वाटलं, पण त्यासाठी तुमचाच उजेड घेतला, कमी दिसलं असेल तुम्हाला इतके दिवस, मला माफ करा — काय काय. बाबांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. केसांतून पाणी ओघळलं, टाकीचं, मासळीच्या वासाचं.

"कमी केलास ते चांगलं केलंस. मला ते सुचायला हवं होतं. तन्वी बोलली तेव्हाच कळलं होतं, पण बटण मागं फिरवायला हात होईना."

"पण तुम्हाला दिसत होतं ना नीट?"

"मला पाहिजे तेवढं दिसायलंय," म्हणाले. आणि कात्री मागितली.

सगळी हायड्रिला त्यांनीच छाटली. नुसत्या बोटांनी, बरोबर पेराखाली. एकही पान चिरडलं नाही.

११ जून

पेपर परत टाकलाय. आता उघड उघड! बाबा म्हणाले, "दोनच थर. तीन जास्त होतात." आमचं दोघांचं मिळून ठरलं. मन कसं पिसासारखं हलकं.

१५ जून

सकाळी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर टाकी काळोखी. विवेकने काल दिव्याचा प्लग काढून तिथे फोन लावला होता, परत लावायला विसरला. पडदे पण ओढलेले. काचेत मला फक्त माझी सावली दिसली.

बाबा खुर्चीत, टाकीकडे तोंड करून. बटण खटक्यापर्यंत फिरवलेलं.

"ये, बैस. काय हिरवं दिसायलंय आज, रेणू! पिवळी बघ, कशी वर आलीय."

मी प्लगपाशी गेले. हातात धरला. कधीपासून? होळी, पाडवा, तन्वीचा फोन, छपाई, दगडाआडची पिवळी — सगळं एकदम आठवलं.

प्लग लावला नाही. त्यांच्या शेजारी बसले, कप हातात दिला.

"दिसतंय का बाबा?"

त्यांनी चाचपून माझा हात धरला.

"दिसायलंय. विचारत जा रोज."